निकमकाकांची हलकी गाडी

आमचे शेजारी निकमकाका पहिल्याच भेटीत बाईमाणसाला वजन विचारतात. मी कॉलनीत नवीन, पेढ्यांचा पुडा घेऊन ओळख करून घ्यायला गेले, तर हा गृहस्थ दारातच म्हणाला, "चपला काढा आणि काट्यावर उभ्या राहा, ताई. कधी गाडीत बसलात तर हिशेब नको?" काटा म्हणजे निफाडच्या मेहुण्याकडून आणलेला, द्राक्षांचे क्रेट तोलायचा! मी कसली उभी राहते? मग त्यांनी पुडाच तोलला. "वीस ग्रॅम मारले दुकानदारानं."

काका सातपूरच्या कारखान्यात टर्नर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी पार्किंगमध्ये पाइप जोडून जोडून दोन सीटांची स्पोर्ट्स कार बांधली. सहा वर्षं लागली. छप्पर नाही, दरवाजे नाहीत, पेडललासुद्धा भोकं पाडलेली. "वजन लय वाईट," हे पालुपद. गाडी सुरू झाली की आमच्या खिडक्या थरथरायच्या. पण काकांचा चेहरा असा फुलायचा, की भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन परत यायचा.

मग काकू आजारी पडल्या. औषधं अशी जहाल, की पेट्रोलचा वास आला तरी उलटी. दवाखान्यातून घरी येताना म्हणाल्या, "सहा वर्षं त्या गाडीला सवत म्हणत आले, पण एकदा बसायचं राहूनच गेलं बघा."

झालं! दुसऱ्या दिवशी काकांनी ते लाडकं इंजिन उतरवलं. मीच हळहळले. ते म्हणाले, "आता बॅटरीवर चालवतो. वासच नाय तर उलटी कशाची?"

पण बॅटऱ्या जड. मग स्टेपनी गेली, आरसा गेला, काकांचा रात्रीचा भातही गेला. मी म्हटलं, "आता मिशा तेवढ्या राहिल्या!" त्यांनी खरंच मिशीवरून हात फिरवला.

स्प्रिंगा किती कडक हव्यात ते वजनावर ठरतं, म्हणून त्या बसवताना त्यांनी मला वही वाचायला दिली. मोटर, तारा, ते स्वतः, सगळं ग्रॅमपर्यंत. शेवटी काकूंचं नाव होतं, 'मंदा, ५८ किलो.'

मला राहवेना. आदल्याच आठवड्यात मी काकूंना हाताला धरून जिना उतरवला होता. चाळीस तरी भरल्या असत्या का?

"काका, हे चुकलंय."

"नाय चुकलं." ते पाना फिरवत राहिले. "तिचं खरं वजन तेच हाय. आत्ताचं तात्पुरतं हाय."

मी वही मिटून ठेवली.

रविवारी सकाळी काकू गाडीत बसल्या. ना आवाज, ना वास. कॉलनी गॅलरीत उभी. उलटी झाली नाही, पण कडक स्प्रिंगांमुळे पहिल्याच स्पीडब्रेकरला काकू चांगल्या वीतभर उडाल्या.

"अहो, किती आदळते ही!"

"गाडी बरोबर हाय," काका समोर बघत म्हणाले. "तू जेवत जा."