दुसऱ्याचा चिंचोका

गंगाबाईंचे चिंचोके मी हलवले. ही गोष्ट बिरादार सरांची आहे, पण सुरुवात माझ्या या करणीपासून करतो. नाहीतर पुढचं मला लिहवणार नाही.

बिरादार सर नांदेडला आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, मी भूगोल. सर मूळचे उदगीरचे. त्यांच्या पँटच्या खिशांत कायम चिंचोके असतात. व्हरांड्यात खुळखुळ ऐकू आली की पोरं मोबाईल लपवतात. तळ्यावर माणसं कशी जगतात आणि माणसांमुळे तळं कसं बदलतं, हा सरांचा अभ्यास. त्यासाठी ते प्रश्न विचारत नाहीत. गावकऱ्यांकडूनच जमिनीवर रांगोळीने तळं काढून घेतात, प्रत्येकाला मूठभर चिंचोके देतात आणि म्हणतात, "जिथं तुमचा जीव हाय, तिथं ठेवा. तोंड खोटं बोलतंय, हात न्हाई."

हे वेड तळ्यावरच थांबलं असतं तर ठीक होतं. सहल कुठे न्यायची, असं प्राचार्यांनी बैठकीत विचारलं, तर सरांनी त्यांच्या टेबलावर खिसा रिकामा केला. प्राचार्य हबकून खुर्चीसकट मागे सरकले. सरांच्या डब्यात मात्र कसलीच निवड नसायची. रोज शेपू. तोंड वाकडं करत, पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचे.

"आवडत नाही तर आणता कशाला, सर?"

"बहुमत हाय," एवढंच म्हणायचे. आम्ही हसायचो आणि खिडकी उघडायचो.

उमरीकडच्या एका गावात तळ्याभोवती जाळी बसणार होती. जाळीत वाटा कुठे सोडायच्या, ते सरांच्या रांगोळीच्या नकाशाच्या फोटोवरून ठरणार होतं आणि फोटो काढायला मी सोबत गेलो होतो. कुणी धुण्याच्या दगडांवर चिंचोके ठेवले, कुणी म्हशींच्या उतारावर. गंगाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी सगळी मूठ बाभळीच्या कोपऱ्यात रिकामी केली. तिथे ना घाट, ना वाट. मला वाटलं, आजींना नीट दिसत नसेल. सर चहाला गेले तेवढ्यात मी ते चिंचोके धुण्याच्या दगडांवर सरकवले आणि फोटो काढला. नकाशा कसा स्वच्छ दिसत होता.

जाळी बसल्यावर आम्ही दोघं पुन्हा गेलो. गंगाबाई बाभळीपाशी जाळी धरून उभ्या होत्या. दुसऱ्या हातात दहीभाताचं ताट.

"तिथं पाण्यातल्या देवी, साती आसरा हायेत, बाबा. सून बाळंत झाली, निवद ठेवायचाय. एवढ्या गड्यांसमोर तोंडानं कसं सांगावं? म्हणून हातानं सांगितलं. तुम्ही बघितलंच न्हाई का?"

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "आई, चूक माझी. मीच नीट बघितलं न्हाई."

आणि मी गप्प राहिलो.

त्यानंतर जे पाहिलं, ते आजही खरं वाटत नाही. देवाधर्माचं नाव काढलं की टिंगल करणारे आमचे सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घाटावरून पाण्यात उतरले आणि ताट डोक्यावर धरून काठाकाठाने बाभळीपर्यंत गेले.

"सर, तुम्ही आणि निवद?"

"मी कुठं मानतो? ती मानती. तिचा जीव तिथं हाय."

रविवारी मी कबुली द्यायला त्यांच्या घरी गेलो. वहिनी गेल्यापासून सर एकटेच असतात. ओट्यावर दोन स्टीलच्या वाट्या होत्या. एक रिकामी, दुसरीत धुळीने माखलेले चिंचोके. मी सहज हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," सर इतक्या जोरात म्हणाले की मी दचकलो. मग आवाज खाली आला. "ही वांग्याची, ती शेपूची. रोजची भाजी आम्ही अशीच ठरवायचो. दवाखान्यात जायच्या सकाळी तिनं सगळे शेपूत टाकले. मी तरी वांगीच आणली. ती परत आली न्हाई." मग म्हणाले, "दुसऱ्याचा चिंचोका हलवायचा न्हाई, सर."

मी तिथेच फरशीवर बसलो आणि सगळं सांगितलं. सरांनी पिशवी उचलली.

"मला सांगून काय उपेग? चला, उमरीची गाडी हाय."

गंगाबाई ओसरीवर नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सर दारातच थांबले. मी आत गेलो.

"आजी, चूक सरांची नव्हती. तुमचे चिंचोके मी हलवले. मला माफ करा."