मुखेडकर काकांचं हरीण

“अब्बी ऊपर नक्को जाओ, हरीण बैठा है,” मुखेडकर काकू जिन्यात सरोजा आंटींना सांगत होत्या. आंटींच्या हातात वडियालूंचं, म्हणजे वाळवायच्या सांडग्यांचं ताट असणार, कारण बांगड्यांबरोबर स्टीलचाही आवाज आला.

“आज भी?”

“रोज का है अम्मा,” काकू म्हणाल्या आणि दोघी खाली गेल्या.

ते हरीण म्हणजे मी.

हैदराबादच्या अंबरपेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एक प्लास्टिकची खुर्ची आहे. संध्याकाळी ऑफिसचं काम मिटलं की मी तिथे पाठ करून बसते. टाकीच्या पलीकडे मुखेडकर काका धनुष्य ओढतात आणि जिन्याच्या भिंतीला टेकवलेल्या पोत्यावर बाण मारतात. त्या पोत्यात काकूंच्या जुन्या साड्या ठासल्या आहेत. धनुष्याचा आवाज मला ऐकू आला, तर टाकीच्या कडेने काकांना दिसेल असा हात वर करायचा. बोलायचं नाही. “हरीण बोलत नाही,” हा काकांचा नियम. आजवर मला लागू झालेल्या नियमांमधला हा एकच मला मनापासून आवडला.

काका वीज खात्यातून निवृत्त झाले. जन्म ट्रान्सफॉर्मरच्या घरघरीत गेला, तेव्हा कुठल्याच आवाजाने त्यांना त्रास झाला नाही. समीरदादाने धनुष्य आणलं आणि सगळं बदललं. समीरदादा म्हणजे काकांचा मुलगा. तो टेक्सासला असतो. एका सुट्टीत तो बॅगेतून तीन तुकड्यांचं धनुष्य घेऊन आला, मधला लाकडी दांडा आणि वरखाली दोन पाती. त्याची टोकं पुढे वळलेली असतात. रिकर्व्ह म्हणतात त्याला. बाण सुटला की दोरी त्या वळणांवर आपटते आणि टण्ण वाजते.

“तिकडे धनुष्याने शिकार करायचं लायसन मिळतं, बाबा,” समीरदादा तेव्हा म्हणाला होता. “पण हरणाला दोरीचा आवाज आधी जातो. बाण पोचेपर्यंत ते खाली दबतं आणि बाण वरून निघून जातो. तुम्ही हे शांत करा आणि या. दोघं मिळून जाऊ.”

हे तो कधी म्हणाला, असं काकांना विचारलं तर ते म्हणतात, “परसोंच म्हणाला.” हैदराबादेत परसों म्हणजे मागचा कुठलाही दिवस. काल सोडून. त्या परसोंनंतर काकांनी पासपोर्ट काढला, आबिड्सच्या बाजारातून पानापानांच्या छापाचं शिकारी जाकीट आणलं आणि धनुष्य शांत करायला घेतलं.

सुरुवातीला त्यांनी इतर हरणं लावून पाहिली. काकूंना बसवलं, तर बाण सोडायच्या आधीच त्या “नाही ऐकू आलं, जाऊ मी?” म्हणायच्या. सरोजा आंटी बसल्या, पण त्या बसल्या बसल्या इतकं बोलत की काकांनाच धनुष्य ऐकू येईना. कबुतरं तर हललीच नाहीत. “बारातीचा बँड ऐकून ऐकून यांचे कान मेलेत,” काका म्हणाले.

मग एकदा मी वाळलेले कपडे काढायला वर गेले. टण्ण झालं. मी जागच्या जागी उडाले, बादली घरंगळत जिन्यापर्यंत गेली आणि माझा दुपट्टा अँटेनाला अडकला. काकांचा चेहरा उजळला. “काकू, इकडे या! अस्सल आहे हो, अस्सल!” (स्वतःच्या बायकोला ते काकूच म्हणतात.) “मैथिली, बेटा, तू रोज येशील का?”

मी मान हलवली. मी बहुतेक वेळा मानच हलवते. ऑफिसच्या कॉलवर म्यूट काढून वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आमच्या कॉन्व्हेंटच्या टीचर प्रगतिपुस्तकावर ‘क्वाएट’ असं लिहीत. ते कौतुक होतं की तक्रार, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. काकांना मात्र काहीच शंका नव्हती. दचकणं आणि गप्प बसणं, या माझ्या दोन्ही गोष्टी त्यांना हव्या होत्या.

“आवाज म्हणजे वाया गेलेली ताकद,” काका म्हणत. “बाणाला जायची ती हवेत गेली.” ती ताकद परत मिळवायला ते काय काय करत! काकूंच्या अर्धवट स्वेटरची गुलाबी लोकर दोरीला वरखाली गोंड्यांसारखी बांधली. टण्णचं टंग झालं. दोरी काढून तिला पीळ दिले, म्हणजे ती आखूड होऊन दांड्यापासून लांब राहते. टंगचं ठक् झालं. मग ते कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मौलाभाईंकडे पात्यांना गुंडाळायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घ्यायला गेले. पिशवी धरायला मी होतेच.

“क्या बनारें अंकल?” मौलाभाईंनी विचारलं.

“खामोशी बनारा हूँ, मियाँ.”

मौलाभाईंनी कात्री थांबवून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. “नमूना साथ लाए क्या?” ते म्हणाले. मी इतकी हसले की पिशवी हातातून पडली, पण आवाज नाही आला.

सगळ्यात मोठा शोध सुलतान बाजारात लागला. दोरी जिथे पात्याच्या वळणावर आपटते तिथे काहीतरी मऊ, पातळ आणि चिकटणारं हवं होतं. काका दुकानादुकानांतून मखमलीचे तुकडे चाचपत होते, डिंक निवडत होते. काकू कंटाळून टिकल्यांच्या गाडीपाशी थांबल्या. काका तिथे आले, काकूंच्या हातातलं पाकीट त्यांनी घेतलं, एका मोठ्या मरून टिकलीवरून अंगठा फिरवला, उलटी करून तिचा चिकटपणा पाहिला आणि भर रस्त्यात ओरडले, “काकू! तुमच्या कपाळावर होतं हो हे!”

तेव्हापासून धनुष्याच्या दोन्ही टोकांना ओळीने मखमली टिकल्या आहेत. बाण टेकतो तिथेही एक आहे. “माझ्यापेक्षा सौभाग्य त्याचंच जास्त,” काकू म्हणतात. पण ठक् चं फक्त ठप् राहिलं, तेही मन लावून ऐकलं तर.

हे सगळं हरीण मारण्यासाठी, आणि काकांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. काकूंनी एकदा माझ्यासमोर विचारलंच, “तिकडे जाऊन मारणार, आणि मग करणार काय त्याचं? कोशिंबीर?”

“मारायचं कुणी काढलंय?” काका चिडून म्हणाले. “बाण सुटायला तर हवा. समीर सांगत होता, झाडाखाली दोघांनी शेजारी शेजारी बसायचं. पहाटेपासून. एक अक्षर बोलायचं नाही. बोललं की हरीण येत नाही.” मग ते टिकली नीट दाबत राहिले. “फोनवर काय, ‘जेवलास?’ ‘हो, तुम्ही?’ एवढ्यात संपतं. मग तोही गप्प, मीही गप्प, आणि बिल चढल्यासारखी घाई. तिथे गप्प बसायलाच जायचं असतं.”

ते वाक्य मी खाली घेऊन गेले. गप्प बसायलाच जायचं असतं. अशी जागा असते, आणि तिच्यासाठी कुणी इतकी खटपट करतं, हे मला माहीत नव्हतं.

मला आणखी एक गोष्ट हवी होती. हरणाने पाठ करून बसायचं असल्यामुळे काकांना बाण सोडताना मी कधी पाहिलंच नव्हतं. मला ते पाहायचं होतं. खरं तर मला ते धनुष्य एकदा स्वतः ओढायचं होतं. ‘काका, मी ओढून बघू?’ हे वाक्य मी मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत तयार ठेवलं होतं. गच्चीचं दार उघडलं की तिन्ही भाषा पळून जात. एकदा काका पाणी प्यायला खाली गेले तेव्हा मी दोरीला नुसतं बोट लावलं. तेवढ्यात ते आले. “रिकामी दोरी सोडायची नाही हं, बेटा,” ते म्हणाले. “बाण नसला की सगळा झटका धनुष्यालाच बसतो. आतून तडकतं.” मी मान हलवून खुर्चीकडे गेले.

मग एका रविवारी समीरदादाचा फोन आला. घरात रेंज येत नाही म्हणून काका गच्चीवर स्पीकर लावून बोलतात. मी खुर्चीवरच होते.

“जवळपास झालंच, समीर,” काका सांगत होते. “आता हरणाला फार तर मुंगीच्या पावलाएवढं ऐकू जात असेल.”

“बाबा, ते अजून चाललंय?” समीरदादा हसला. वाईट नाही, दमलेल्या माणसासारखा हसला. “अहो, मी तर माझं धनुष्य कधीच विकलं. पोरांच्या मॅचेस, शनिवार-रविवार सगळा त्यातच. तुम्ही या ना असेच, मॉलमध्ये फिरू.”

“हौ हौ. बरोबर आहे,” काका म्हणाले. “जेवलास?”

“हो. तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी मी वर जाऊ की नको, या विचारात जिन्यात उभी होते. वरून हाक आली, “चला हरीण! नवीन टिकली लावलीय!”

त्या संध्याकाळी धनुष्य वाजलंच नाही. खरोखर. पोत्यावर बाण बसल्याचा धप्प तेवढा आला, त्याच्या आधी काही नाही. समीरदादाने सांगितलेली शांतता ती हीच. हात खाली ठेवला असता तर सगळं संपलं असतं. धनुष्य तयार, आणि जायला कुठेच नाही. मी हात वर केला.

“अजून येतंय?” काकांचा आवाज जवळजवळ आनंदी होता. “बघू, उद्या बघू.”

असे पुष्कळ उद्या गेले. धप्प ऐकून हात वर केला तर उशीर होतो. दोरीचा आवाज त्याच्या आधी यायला हवा. पण माझ्याकडे एक खूण होती. दोरी ओढताना काकांच्या घशातून “हूं” असा आवाज येतो. लोकर, ट्यूब, टिकल्या लावून धनुष्य मुकं केलं, पण स्वतःचा हा हूं त्यांना कधी ऐकूच आला नाही. खऱ्या हरणाने तेवढ्यानेच जंगल सोडलं असतं. मी त्या हूंवर हात वर करायला शिकले.

गेल्या आठवड्यात ऊन उतरल्यावर नेहमीसारखा हूं आला. मी हात वर केला. धप्प काही आला नाही.

“मैथिली,” काका म्हणाले. हरीण म्हणाले नाहीत. “बाण अजून माझ्या हातात आहे, बेटा.”

पहिल्यांदाच मी वळून टाकीच्या कडेने पाहिलं. ओढलेली दोरी ते हळूहळू परत आणत होते, झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढावा तशी. “आज ओढवलं, पण सोडवेना,” ते म्हणाले. मग त्यांनी बाण दोरीवरून काढला. “शांत झालंय ना? कधीचंच?”

मी मान हलवली.

“मला वाटलंच. ठप् मलाही येत नव्हता. म्हटलं, हरीण हात वर करतंय तोवर आपण कशाला...” ते कठड्यावर टेकले. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षाचा हॉर्न दाबून धरला होता. “छान दिवस गेले गं. एक अक्षर न बोलता.”

मग ते उठले. धनुष्य पायात अडकवून वाकवलं आणि वरच्या टोकावरून दोरीचा फास सोडवायला लागले. एक टिकली सुटून त्यांच्या नखाला चिकटली. ती कुठे लावावी हे त्यांना कळेना. फास निघाला की पाती सुटणार, तीन तुकडे पुन्हा बॅगेत जाणार, हे मला दिसत होतं. घशात तिन्ही भाषा एकदम आल्या. मी खुर्ची उचलली, टाकीच्या आडोशाला त्यांच्यासाठी नीट मांडली, आणि इतक्या मोठ्याने बोलले की कठड्यावरची ती बहिरी कबुतरं उडाली.

“दोरी काढू नका, काका. इथे बसा. पाठ करून. आता तुम्ही हरीण व्हा.”