घटाला चिंचेचं पाणी

गव्हाचा दाणा मातीचा पापुद्रा डोक्यावर घेऊन वर येतो, हे मनकर्णाबाईंना दरसाल नवलाचं वाटे. दातानं न फुटणारा दाणा. त्यातून एवढं कोवळं पातं कोण ओढून काढतं? नवरात्रात घटापुढे त्या आ वासून बसत.

यंदा आठव्या माळेला दुसरबीडच्या सोजराबाई लेकासाठी मनकर्णाबाईंच्या लेकीला, कौशल्येला बघायला येणार होत्या. बाईंची ख्यातीच अशी, की पोरीआधी घट बघायच्या. घट खुजा, तर पोर नको.

म्हणून पहिल्या माळेपासून मनकर्णाबाई देवाचं तांब्याचं ताम्हण, गडू रोज चिंचेनं घासून लख्ख करू लागल्या. देवाच्या तांब्याचं धुवण पायदळी कसं टाकायचं? ते हिरवट पाणी त्या घटालाच घालत. कोंब नखाएवढे आले आणि अडून बसले. देवी रुसली म्हणून बाईंनी आणखी घासलं, आणखी घातलं. कोंब पिवळे पडले.

"अवं, शेतकीवाला बियाले लावाले मोरचूद देऊन गेला, तवा काय म्हने?" त्यांचे यजमान हिंमतराव म्हणाले. "पानी कडक झालं तं जवारीचं बीच मरते. मोरचूद म्हंजे तांबंच. तुह्या चिंचेनं तांबं पान्यात उतरते—"

"तुमची जवारी अन् माही देवी सारखी हाय का? तुमच्या तोंडाले कांद्याचा वास येते, म्हनून रुसली ते!"

हिंमतरावांची रवानगी गोठ्यात झाली. भाकर-कांदा तिथंच, चूळ गोठ्याच्या कुडामागं. घटाची उरलेली माती अन् गहू बाईंनी पायदळी नको म्हणून त्याच कुडामागं ठेवले होते.

सोजराबाई बैलांच्या दमणीतून उतरल्या त्या थेट देवापुढे. घट पाहिला. पदर सावरून उठल्या. दाराआड कौशल्येच्या बांगड्या थांबल्या.

"निंगतो मंग," म्हणत त्या अंगणात आल्या, आणि कुडाशी थबकल्या.

वीतभर हिरवंगार बेट! पात्यापात्याच्या टोकाला थेंब. दोघी बाया त्यापुढे उकिडव्या बसल्या.

"माय वं! देवी तं इथं येऊन बसली!" सोजराबाईंनी एक पातं खुडून डोळ्यांना लावलं, अंबाड्यात खोवलं. "पोर माही झाली, ईहीनबाई."

मग हळूच म्हणाल्या, "खरं सांगतो, माह्या घरी ताम्हण आरशावानी लखलखते, पन घट काही वर येत नाही. म्हनून लोकाचे पाह्यत फिरतो. याले पानी कोनतं घालता? गडूभर द्या मले, घरी न्याले."

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हिंमतराव कुडाशी गाल फुगवून उभे होते. त्यांनी ती चूळ मुकाट्यानं गिळली.