सासऱ्यांच्या गाडीचा दम

मुलगी दिली तेव्हा सासऱ्यांनी जावयाला "सांभाळा" एवढंच सांगितलं होतं. गाडी दिली तेव्हा मात्र त्यांचं भाषण जेवणाआधी सुरू झालं आणि ताटं उचलली तरी संपेना. सुरू केल्याबरोबर गाडी पिटाळायची नाही, टर्बोला आधी दम घेऊ द्यायचा, बंद करतानाही घाई करायची नाही. "माझ्याकडे असेपर्यंत या गाडीला मेकॅनिकचा हात लागलेला नाही," ते शेवटी म्हणाले. "तुम्हाला जमणार नसेल तर आत्ताच सांगा. आमचा धाकटा टपूनच बसलाय."

धाकटा म्हणजे जावयाचा मेहुणा. त्याच्या हाती गाडी जाण्यापेक्षा जावयाने भाषण पुन्हा एकदा ऐकलं असतं. शिवाय गाडी त्याला मनापासून आवडली होती, हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

डोळ्यांनी दगा दिला म्हणून सासऱ्यांनी गाडी सोडली होती. कान मात्र तरण्या माणसाला लाजवतील असे. दर रविवारी ते मुलीला भेटायला येत आणि तिने केलेला चहा गाडीच्या बॉनेटपाशी उभं राहून पीत. "जरा सुरू करा बघू," म्हणत आणि डोळे मिटून ऐकत. जावई तेवढा वेळ स्टिअरिंगला धरून निकालाची वाट बघे.

अशा माणसाच्या गाडीने शनिवारी, ऑफिसातून परतताना, चढावर "फुस्स" केलं. जावयाने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी पुढे जाण्याऐवजी आणखी मोठ्याने फुस्स म्हणाली आणि मागे काळा धूर सोडून मोकळी झाली. आणि दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना व त्यांच्या दोन निवृत्त मित्रांना घेऊन टेकडीवरच्या विश्रामगृहात जायचं ठरलेलं होतं. सगळा रस्ता चढाचा.

"गॅरेजमध्ये टाका ना," बायको म्हणाली.

"गॅरेजवाला तुझ्या बाबांच्या ओळखीचा आहे. गाडी आत जायच्या आधी बातमी बाहेर."

"मग?"

"मीच बघतो. त्यात काय एवढं?"

जावई विमा कंपनीत नोकरीला होता. लोकांच्या गाड्यांच्या नुकसानीचे दावे तपासायचे आणि खोटं पकडायचं, हे त्याचं काम. त्यामुळे गाडीत काय बिघडतं हे त्याला पाठ होतं; दुरुस्त कसं होतं याच्याशी संबंध आला नव्हता. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, वाटेत नळीला चीर असली की ती हवा बाहेर पळते, आणि गळती शोधायची ती सायकलच्या पंक्चरसारखी, एवढं त्याने मोबाइलवर पाहून घेतलं. नळीचं तोंड बंद करायचं, पंपाने हवा भरायची, वरून साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडा येईल तिथे चोर.

नळीच्या तोंडावर घरातलं एकच झाकण फिट्ट बसलं. त्याला भोक पाडून त्याने सायकलचा व्हॉल्व्ह बसवला.

"अहो, ते साखरेच्या डब्याचं झाकण आहे!" बायको खिडकीतून ओरडली.

"डब्याला तात्पुरती बशी ठेव."

"आणि भांड्यांचा साबण संपलाय हं!"

म्हणून तिचा शाम्पू आला. ही गोष्ट तिला जरा उशिरा कळली.

टायरमध्ये हवा भरायचा विजेवरचा पंप सुरू झाला, हवा भरली, आणि झाकण बंदुकीच्या गोळीसारखं उडून पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या बाल्कनीत गेलं. हे शेजारी म्हणजे सासऱ्यांचे सकाळच्या फिरण्यातले सोबती. ते झाकण हातात घेऊन खाली आले.

"साहेब, हे तुमचं?"

"हो."

"साखरेच्या डब्याचं दिसतंय."

"गाडीचं आहे."

शेजाऱ्यांनी झाकणाला चिकटलेला साखरेचा दाणा निरखला, पण वाद घातला नाही. उलट "मी दाबून धरतो" म्हणत झाकणावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. जावयाने शाम्पूचं पाणी मारलं. शाम्पू महागातला असल्याने इंजिनभर असा फेस आला, की चोर कुठला आणि साव कुठला हेच कळेना.

"हे आमच्या मित्राला माहीत आहे ना?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"त्यांना कशाला उगाच त्रास?"

"बरोबर, बरोबर," शेजारी म्हणाले, आणि एक फोन करायचा राहिलाय म्हणून वर निघून गेले.

जावयाने फेस धुतला, झाकण दोरीने आवळून बांधलं आणि या वेळी पाण्याला शाम्पूचा नुसता वास दाखवला. पंप घुरघुरू लागला. आणि खाली, नळीच्या वळणावर, काळ्या चिकटपट्टीच्या जाड वेढ्यातून टपोरे बुडबुडे येऊ लागले.

त्याने चिकटपट्टी कापली. आत कापड होतं. ते उलगडत गेला तशी निळ्या रंगावर पिवळी बदकं दिसू लागली. हा टाय त्याने स्वतः निवडून सासऱ्यांना निवृत्तीच्या दिवशी भेट दिला होता. "रोज वापरून खराब नाही करणार," सासरे तेव्हा म्हणाले होते, आणि जावयाचा ऊर भरून आला होता. टायखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी होती आणि पट्टीखाली बोटभर लांब चीर.

नोकरीत त्याने पुष्कळ पुरावे हाताळले होते, पण इतका आनंद एकाही पुराव्याने दिला नव्हता.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. सासरे उतरले.

"इंजिनातून फेस येतोय म्हणे?"

"हवा गळत होती, बाबा."

"माझ्याकडे असताना गळत नव्हती!"

जावयाने टाय वर धरला. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बदकं काही नाहीशी झाली नाहीत.

"हा कुठे सापडला?"

"तुम्ही जपून ठेवला होता तिथेच."

सासऱ्यांनी टाय हातात घेतला. "मेकॅनिकचा हात लागला नाही असं म्हणालो होतो मी. माझा लागला नाही, असं कधी म्हणालो?" मग त्यांनी टाय चिमटीत धरून चोळला. "हे रेशीम आहे?"

"दुकानदार तसं म्हणाला होता."

"फसवलं तुम्हाला! अस्सल रेशमाची गाठ बसली की बसली. हा सरकला, म्हणून हवा गळली. मग मूळ दोष कुणाचा?"

जावयाने खोट्या दाव्यांवर हयात काढली होती. तरीही पकडलेला माणूस पकडणाऱ्याकडूनच भरपाई मागतोय, असा दावा त्याच्या टेबलावर कधी आला नव्हता.

"नवी नळी मागवावी लागेल, ती काही आज यायची नाही," सासरे बाह्या सरसावत म्हणाले. "मी तुम्हाला लग्नात टाय दिला होता, तो आणा. तो अस्सल आहे."

जावयाने टाय आणला. सासऱ्यांची नजर त्याच्या वेष्टनावर गेली.

"अजून पाकिटातच?"

"जपून ठेवला होता."

सासऱ्यांनी सूचना दिल्या, जावयाने पट्टी गुंडाळली आणि टाय दातओठ खाऊन आवळला. शाम्पूचं पाणी मारलं. एकही बुडबुडा आला नाही.

"काय झालं होतं?" बायकोने येऊन विचारलं.

"नळीचा क्लॅम्प सैल होता," दोघे एकदम म्हणाले. लग्नानंतर प्रथमच त्यांचं एकमत झालेलं पाहून ती चकित झाली. मग तिला शाम्पूची बाटली दिसली.

रविवारी मागे दोन मित्र, पुढे सासरे, अशी गाडी टेकडीला लागली. "एवढ्या वर्षांत मेकॅनिकचा हात नाही लागलेला," सासरे मागे वळून सांगत होते. अर्धा चढ झाला आणि गाडीने दीर्घ, स्पष्ट "फुस्स" केलं.

"अहो, आवाज कसला आला?" एका मित्राने विचारलं.

जावई समोर बघत राहिला. सासऱ्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मला तर काही ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

पुन्हा फुस्स. मागच्या काचेत काळा धूर.

"वारा आहे, काका," जावई म्हणाला.

"इथे पूर्वीपासूनच वारा फार," सासऱ्यांनी दुजोरा दिला.

गाडी बैलगाडीच्या चालीने वर चढू लागली. मित्रांचं लक्ष खिडकीबाहेर गेलेलं पाहून सासरे जावयाकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "धाकट्याला काही बोलू नका. त्याला गाडीतलं काही कळत नाही. ही तुमच्याकडेच राहू दे."