टोरांटो, दोन दही

मुंबईहून लंडन किती लांब? आमच्या शेजारचे दिनकरआण्णा सांगतात, "एक दही."

किलोमीटर त्यांना पटत नाहीत. आण्णांची सगळी नोकरी कागलजवळच्या एका डेअरीत, दह्याच्या खात्यात गेली. विरजण लावल्यापासून दही लागेपर्यंतचा वेळ हेच त्यांचं घड्याळ. कोल्हापूर ते मुंबई विमानाने म्हणजे "तापलेलं दूध निवंस्तोवर." दुबई? "अजून पातळच. ढवळू नगा." टोरांटोला त्यांची लेक वैशाली असते. ते अंतर मात्र न विचारता सांगतात, "दोन दही. एकाला एक लागून."

माझी बायको लंडनला निघाली, तेव्हा तिचं विमान उडाल्याच्या मिनिटाला आण्णांनी विरजण लावलं. दहाव्या तासाला पातेलं घेऊन आमच्या दारात हजर.

"उतरली असेल आता," मी म्हणालो.

आण्णांनी पातेलं जरा तिरकं केलं. "हालतंय की! वैनी हवेतच हायत अजून."

"आण्णा, वेळ होऊन गेली."

"विमानाची झाली आसंल. दह्याची न्हाय."

आणि खरंच, धुक्यामुळे विमान लंडनवर घिरट्या घालत होतं. तेव्हापासून गल्लीतली शहाणीसुरती माणसं मोबाईल सोडून आण्णांच्या पातेल्यात डोकावतात. त्यात मीही आलो.

वैशालीला मुलगी झाली. तिला रजा मिळेना, म्हणून आण्णांनीच जायचं ठरवलं आणि व्हिसाचा अर्ज स्वतः भरला. एजंटाने दिलेल्या कागदावर ‘प्रवासाला लागणारा वेळ’ असं होतं, तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं: दोन दही. एजंटाने कपाळावर हात मारून घेतला. तो अर्ज नाकारला गेला. दुसरा एजंटाने भरला, तोही नाकारला गेला. मग तिसरा केला.

परवा संध्याकाळी मी सहज डोकावलो, तर आण्णा इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलेले. समोर झाकलेलं पातेलं.

"आज कोण निघालंय?"

"मी."

"व्हिसा आला?"

"न्हाय. काल परत नकार आला. म्हनलं, हितनंच जाऊन येऊ. सकाळचं लागलं, दुसरं घातलंय. निम्म्याच्या वर आलोय बगा."

मला हसू आवरेना. तेही हसले. "बसा की मास्तर, खिडकीची जागा मोकळी हाय."

मी स्टूल ओढून खिडकीपाशी बसलो. "पुढच्या वर्षी मिळेल हो व्हिसा," मी म्हणालो.

"मिळंल की. पन पयल्या अर्जाला नात रांगत व्हती. आता घरभर पळतीया. कडंवर घ्याजोगी अजून किती दिस ऱ्हानार, सांगा की."

जगातलं कुठलंही अंतर चुटकीसरशी सांगणारा माणूस हे मला विचारत होता. मी खिडकीबाहेर बघत बसलो.