हरिणीबाईंनीं ढगांची सनद निवडिली, तो मजकूर

श्रीविठ्ठल साक्ष. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरीं, माघ मासीं, कुंभकोणम् शहरीं मेलकावेरी मुक्कामीं जो रणसंग्राम जाहला, त्याचा वृत्तांत पाहिला-ऐकिला तैसा लिहितों. तंजावरचें राज्य गेलें, तोफा गेल्या, हत्ती गेले. परंतु मसलत करण्याची हौस आमच्या मराठी घरांतून कोणत्याही सरकारास खालसा करितां आली नाहीं.

ऐसियास, तिरुभुवनम् येथील रेशमी साड्यांच्या विणकर सोसायटींत कारकुनी करणारे राजमान्य राजश्री शिवप्रसादराव यांची एकुलती कन्या चिरंजीव हरिणीबाई, वय वर्षें एकोणतीस, उत्तरेकडील पहाडांत हेलिकॉप्टरांतून यात्रेकरू वाहण्याची चाकरी करीत होती. पुढें परमुलखीं जाऊन समुद्रांतील तेलाच्या फलाटांवर माणसें पोंचवावीं, ऐसें तिच्या चित्तांत आलें. त्यास इन्स्ट्रुमेंट रेटिंग नामें सनद लागते. म्हणजे ढगांत शिरलें, खालीं जमीन दिसेना, वर आभाळ दिसेना, तरी समोरच्या तबकड्यांवर नजर ठेवून हेलिकॉप्टर सुखरूप आणावें, इतकी विद्या. विद्या एक आणि दरबारें अनेक. हिंदुस्थानची सनद निराळी, अमेरिकेची निराळी, युरोपाची निराळी; विलायतेनें युरोपाशीं फारकत घेतली, सबब तिचीही निराळी; आणि एकाची सनद दुसऱ्याच्या दारीं सरळ चालेना. ढग मात्र सर्वत्र एकच.

हरिणीबाई रजेवर घरीं आली आणि हा मजकूर तिनें वडिलांस निवेदन केला, मग तो सकाळच्या पहिल्या कापीबरोबर, म्हणजे कॉफीबरोबर, आत्या मीनाक्षीबाई यांस कळला, आणि दुसऱ्या कापीपूर्वींच टेक्सास मुलखीं राहणारे त्यांचे पुत्र प्रवीणकुमार यांस पावला. प्रवीणकुमार संगणकावर विम्याचे कागद तपासतात. हेलिकॉप्टर त्यांनीं खालून पाहिलें आहे. इतक्या अधिकारावर त्यांनीं व्हिडिओ कॉलवरून फर्मान काढिलें कीं, सनद अमेरिकेचीच घ्यावी, ती सर्व जगांत चालते, आणि खोली आमच्या घरीं तयार आहे. मीनाक्षीबाईंनीं त्यावर तत्काळ शिक्कामोर्तब केलें, आणि शिवप्रसादरावांनीं कन्येस न विचारितां समाजाच्या वॉट्सॲप गटावर ती अमेरिकेस जात असल्याची दवंडी पिटली, मग अभिनंदनाचे एकशें सहा जोडलेले हात आले, आणि किल्ला न लढतां हातीं आला ऐसें सर्वांस वाटलें.

हरिणीबाईस तैसें वाटलें नाहीं. तिनें परदेशच्या नऊ कंपन्यांस खलिते धाडिले कीं, तुमच्या चाकरीस कोणती सनद लागते आणि परका माणूस घेतां काय. सात मुकाट राहिल्या. आठवीनें लिहिलें कीं, अमेरिकेची सनद चालेल, परंतु अमेरिकेंत काम करण्याचा हक्क तुमचा तुम्हीं आणावा. नववी पोर्तुगालची, पश्चिम आफ्रिकेच्या दर्यांत हेलिकॉप्टरें चालविणारी; तिच्या मुख्य वैमानिक बाईंनीं लिहिलें कीं, आमचा कारभार युरोपच्या कायद्यानें, सबब सनद युरोपचीच; ती घेऊन परीक्षेस या, उतरलांत तर व्हिसाचें आम्ही पाहूं.

हा खलिता घरच्या दरबारीं वाचला गेला, आणि मग रण माजलें. मीनाक्षीबाईंनीं प्रतिज्ञा केली कीं, पोर अमेरिकेचें नांव घेईतों कापीस शिवणार नाहीं. हें उपोषण सकाळीं सातांपासून दहा वाजून पांच मिनिटांपर्यंत अत्यंत निग्रहानें चाललें.

“अगे, तिकडे आपलें माणूस आहे की! भात मिळेल, रसम मिळेल. पोर्तुगालांत तुला कोण ओळखतें?”

“कोणी नाहीं, आत्या. म्हणून तर आधीं विचारून घेतलें.”

शिवप्रसादरावांनीं निकाल दिला कीं, दवंडी एकदां पिटली ती पिटली. एकशें सहा माणसांस आतां काय तोंड दाखवावें?

तेव्हां हरिणीबाई खालीं बसली, आणि वर्षभर घरांत कोणास न सांगितलेली गोष्ट बोलली.

“अण्णा, मागल्या वर्षीं मी ढगांत सांपडलें.”

मागें पांच यात्रेकरू, पुढें दरी बुजली, वळली तों मागलीही बुजली. तबकडी म्हणे सरळ आहेस, अंग म्हणे कलंडलीस. सहा मिनिटें ती तबकडीचें ऐकत राहिली, मग ढगास भोंक दिसलें, आणि तिनें यंत्र एका बटाट्याच्या शेतांत उतरविलें. मागल्या एका म्हातारबाईनें देवस्थान आलें समजून बटाट्यांस दंडवत घातला.

दरबारीं कोणी हंसलें नाहीं.

“भ्यालीस?” शिवप्रसादरावांनीं विचारिलें.

“बहुत भ्यालें.”

“घरीं कां सांगितलें नाहींस?”

“तुम्ही परत बोलाविलें असतें.”

“बोलाविलेंच असतें,” ते म्हणाले. “आणि तरी पुन्हां जाणार?”

“शिकून जाईन, अण्णा. आणि जी सनद घेऊन काम मिळेल, तीच शिकेन. प्रवीणच्या खोलींत बसून कागद कवटाळूं काय?”

मग शिवप्रसादराव उठले, चष्मा पुसिला, फोन घेतला, आणि गटावर दुसरी दवंडी पिटली कीं, कन्या युरोपची सनद घेण्यास जाते. पहिली खबर चुकीची, चूक माझी. हे अखेरचे दोन शब्द त्यांच्या हातून जन्मांत प्रथम उमटले, आणि ते वाचून सोसायटीचे चिटणीस त्यांची प्रकृति विचारण्यास धांवत आले. घटकाभरांत टेक्सासहून प्रवीणकुमारांचा खलिता पावला कीं, युरोपचाच सल्ला आम्ही प्रथमपासून देत होतों. तो कोणी खोडला नाहीं. विजयी पक्षास औदार्य शोभतें.

येणेंप्रमाणें माघ वद्य पंचमीस फत्ते जाहली, आणि तह ठरला. आत्यांचें कलम कीं, लिंबाच्या लोणच्याच्या दोन बरण्या बरोबर न्याव्या. वडिलांचें कलम कीं, उड्डाण संपतांच रोज फोन करावा, आणि भय वाटलें असेल तर वाटलें म्हणून सांगावें, आम्ही परत बोलाविणार नाहीं. दोहींवर सह्या होऊन स्वारी चैत्रांत सनद शिकण्यास पोर्तुगालास पोंचली. पैकीं लोणच्याचें कलम वाटेंतच बरण्या फुटून बाद जाहलें. दुसरें दोन्ही पक्षीं अद्याप पाळलें जात आहे. सही, दस्तुर.