चुकलं माझं, पाच मिनिटांत

माणसाला बोलता येतं, हा एक जुना आणि घातक गैरसमज आहे. तो दूर करण्याचं काम वक्तृत्व मंडळ दर गुरुवारी वाचनालयाच्या माडीवर करतं. खुर्च्या बावीस (पैकी एकोणीस बसण्यायोग्य), घंटा एक. बोलताना कुणी 'अं' म्हटलं की ती वाजते.

लिफ्टदुरुस्तीवाला इथे आला तो दादामुळे. दादाच्या निवृत्तीच्या समारंभात त्याला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. पठ्ठ्याने माइक धरला, घाम पुसला आणि खरोखर दोनच शब्द बोलला : "सुटलो एकदाचे." शेजारच्या खुर्चीतला कारकून मघापासून तेच पुटपुटत होता आणि ऐन वेळी याला दुसरं काही आठवेना. सगळं ऑफिस पोट धरून हसलं. दादा तेवढा हसला नाही. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून दोघा भावांचा सगळा व्यवहार वहिनीमार्फत.

नवीन सदस्याला मंडळ एक मार्गदर्शक देतं. याच्या वाट्याला दंतवैद्य आले. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलत राहण्याचा त्यांना सव्वीस वर्षांचा अनुभव होता. यापेक्षा योग्य माणूस शोधूनही सापडला नसता.

याने सांगितलं, मला फक्त 'दादा, चुकलं माझं' एवढं म्हणायचंय, पण त्याच्यासमोर तोंडातून शब्द फुटत नाही. डॉक्टर हळहळले. नियम चारप्रमाणे भाषण बरोबर पाच मिनिटांचं हवं, ना कमी ना जास्त. सुरुवातीला एक थोर विचार, मग तीन मुद्दे आणि मध्ये अडीच सेकंदांचा विराम (अडकलेल्या लिफ्टसारखा नव्हे, मजल्यावर थांबलेल्या लिफ्टसारखा).

चौदा आठवड्यांत प्रगती थक्क करणारी झाली. 'अं' मिनिटाला अकरावरून शून्यावर आले. हातवारे एकाचे सात झाले (पैकी दोन खजिनदारांना लागले). मुख्य मुद्दा आधी फोडू नये म्हणून 'चुकलं माझं' शेवटी नेलं. मग भाषण बारा सेकंद लांबायला लागलं. तेव्हा डॉक्टरांनी सराईत हाताने नेमकं तेच वाक्य उपटलं. कुणाला काही दुखलंसुद्धा नाही.

'बंधुत्व : एक चिंतन' या भाषणाला महिन्याचा पितळी करंडक मिळाला. ऐकणारे सगळे रडले, खजिनदार दोनदा.

रविवारी हा दादाच्या दारात. सोबत डॉक्टर, त्यांच्या हातात वेळ दाखवायची हिरवं, पिवळं, लाल कार्डं (लाल म्हणजे वेळ संपली). वहिनीने दोघांना आत घेतलं. दादा पेपर वाचत होता. चपलांचं कपाट आणि फ्रिज यांच्यामध्ये उभं राहून याने भाषण केलं, सातही हातवाऱ्यांसकट. लाल कार्ड वर गेलं तसा तो नमस्कार करून थांबला.

"झालं?" दादाने विचारलं आणि पेपर पुन्हा उचलला.

आता हे दार आपल्याला कायमचं बंद, हे याला कळून चुकलं. पिशवीतला करंडक दाखवावा, असंही एकदा मनात येऊन गेलं.

"अं... दादा, म्हणजे... अं... ते तेव्हा... अं... चुकलं रे माझं."

पेपर हळूहळू खाली आला. दादाने चष्मा काढून उगाच पुसला.

"अं... जेवून जा."

वहिनीने तोवर चार ताटं घेतलीसुद्धा होती.

डॉक्टरांचा लेखी अभिप्राय मंडळाच्या दप्तरी आहे : 'भाषण निर्दोष. मात्र त्यानंतर सदस्याची चौदा आठवड्यांची मेहनत पाण्यात. अं : धाकटा तीन, थोरला एक. थोरल्यात सुधारणेला वाव असल्याने प्रवेश अर्ज देऊन आलो आहे.'

जाता जाता एक कार्यालयीन अडचण. हे वाचताना तुम्हालाही कुणीतरी एक माणूस आठवला आहे. त्याला ऐकवायचं भाषणही तुमच्याकडे केव्हाचं तयार आहे : तीन मुद्दे, योग्य विराम, एकही 'अं' नाही, आणि ते एक वाक्यही नाही. इतकी उत्तम तयारी मंडळाबाहेर होणं शक्य नाही. तरी आपण सदस्य कधी झालात ते कळवावं. रजिस्टरमध्ये नोंद सापडत नाही.